वेळ मारून नेणारा पेशवा

पेशवाईची वस्त्रं अंगावर चढवताना दुसऱ्या बाजीरावाने दौलतराव शिंद्यांना जी रक्कम कबूल केली, ती दोन कोटी रुपयांच्या घरातली होती. हे पैसे कुठून उभे करायचे याचा त्याच्याजवळ काहीच अंदाज नव्हता. सरकारी खजिना रिकामा होता, मुलखाचा वसूल जागोजाग अडकलेला होता आणि जे काही शिल्लक होतं, त्याच्या चाव्या नाना फडणवीसांच्या हातात होत्या. तरीही शब्द दिला गेला. पुढचं पुढे बघू, या एका हिशेबावर मराठी राज्याच्या शेवटच्या बावीस वर्षांचा कारभार सुरू झाला.

या पेशव्याला लोकांनी ‘पळपुटा’ ठरवलं आणि तेच नाव शाळेच्या पुस्तकांपासून गप्पांच्या फडापर्यंत टिकलं. त्याने पळ काढला हे खरंच आहे. पण निव्वळ भित्रेपणाने एवढं मोठं राज्य जात नाही. बाजीरावाच्या कारकिर्दीत प्रत्येक वळणावर एकच गोष्ट दिसते. समोरचं संकट तो मोठ्या कौशल्याने पुढे ढकलत असे, आणि त्यासाठी जे गहाण टाकावं लागेल ते टाकत असे. राज्याचं काय करायचं, हा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारल्याची खूण त्याच्या कारभारात सापडत नाही. गादीवर आपण राहायचं, एवढं मात्र पक्कं होतं.

त्याचा जन्म १७७५ मध्ये धारला झाला. वडील रघुनाथराव तेव्हा गादीसाठी इंग्रजांशी करारमदार करत होते. १७८३ मध्ये रघुनाथराव कोपरगावला वारले. त्यानंतर आई आनंदीबाई आणि मुलं नानांच्या पहाऱ्याखालीच राहिली, आधी गोदावरीकाठी आनंदवल्लीला आणि पुढे मुलांना जुन्नरला, शिवनेरीवर हलवण्यात आलं. नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा डाग घराण्यावर होता. त्यामुळे या पोराला राज्यकारभाराच्या जवळपासही फिरकू द्यायचं नाही, असा नानांचा कटाक्ष होता. ना दरबार पाहिला, ना मोहीम, ना हिशेबाचे फड. त्याऐवजी त्याला जे शिकायला मिळालं, त्यात तो तरबेज झाला. घोड्यावर उत्तम मांड, तिरंदाजी, शास्त्रपठण, गोड बोलणं आणि चटकन मन जिंकून घेणारी नम्रता. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ त्याचा मित्र नव्हता, पण तरुणपणीच्या बाजीरावाचं रूप आणि विद्या यांचं कौतुक त्यानेही केलं आहे.

पहाऱ्यातल्या माणसाला आणखी एक विद्या आपोआप येते: मनातलं कुणाला कळू न देता प्रत्येकाला हवं ते बोलणं. सवाई माधवराव पुण्याच्या शनिवारवाड्यात नानांच्या देखरेखीखाली वाढत होते. त्यांच्याशी बाजीरावाने शिवनेरीवरून चोरून पत्रव्यवहार केला. आपण दोघेही एका अर्थाने कैदीच आहोत, असा त्याचा सूर होता. पत्रं नानांच्या हाती लागली आणि तरुण पेशव्याला कानउघाडणी सोसावी लागली. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला निजामावर मराठ्यांनी मोठा विजय मिळवला होता. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन अशी सगळी मंडळी पेशव्याच्या झेंड्याखाली एकत्र आल्याचा तो शेवटचा प्रसंग. त्यानंतर सात-आठ महिन्यांतच, ऑक्टोबरात, सवाई माधवराव वाड्याच्या सज्ज्यावरून पडले आणि दोन दिवसांनी वारले. वय अवघं एकवीस, मूल नाही.

पुढच्या वर्षभरात पुण्यात जे घडलं ते आज वाचतानाही दम लागतो. नानांना बाजीराव नको होता, पण तो शिंद्यांच्या गोटात जाईल या भीतीने त्यांनीच परशुरामभाऊ पटवर्धनांना जुन्नरला त्याला आणायला पाठवलं. बाजीरावाने भाऊंना गाईचं शेपूट धरून शपथ घ्यायला लावली, असं डफ नोंदवतो. एवढं करूनही वर्षाच्या आत शिंद्यांचे कारभारी आणि भाऊ यांनी मिळून बाजीरावालाच बाजूला सारलं आणि त्याचा धाकटा भाऊ चिमाजी याला दत्तक देऊन मे १७९६ मध्ये गादीवर बसवलं. नाना महाडला पळाले. तिथून त्यांनी निजाम, भोसले, होळकर आणि खुद्द शिंदे यांना वळवून सगळा डाव उलटवला. डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव पेशवा झाला. ज्यांनी त्याला नाकारलं त्यांनीच त्याला आणलं, आणि ज्यांनी आणलं त्यांच्यातल्या एकाचाही त्याच्यावर विश्वास नव्हता. तोही त्यांच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हता, आणि एवढ्या बाबतीत त्याचं चुकलं असं म्हणवत नाही.

आता दोन कोटींची वसुली समोर उभी राहिली. बाजीरावाला नानांचा काटा काढायचा होता, शिंद्यांना पैसा हवा होता. ३१ डिसेंबर १७९७ रोजी शिंद्यांच्या छावणीत भेटीला गेलेल्या नानांना पकडण्यात आलं. सुरक्षिततेचा शब्द शिंद्यांच्या पदरी असलेल्या मायकेल फिलोझ या गोऱ्या सरदाराने दिला होता, आणि धरलंही त्यानेच. नाना नगरच्या किल्ल्यात गेले. पण नाना गेले म्हणून पैसे आले नाहीत. तेव्हा बाजीरावाने जो मार्ग सुचवला तो राज्यकर्त्याच्या तोंडी शोभणारा नव्हता: पैसे पुण्याच्या सावकार-सरदारांकडे आहेत, तुम्हीच वसूल करून घ्या. हे काम कागलच्या सखाराम घाटग्यांकडे, म्हणजे सर्जेरावाकडे आलं. त्याची मुलगी बायजाबाई याच सुमारास दौलतरावांची पत्नी झाली होती.

१७९८ मध्ये सर्जेरावाने पुण्यात जे केलं ते लोक पिढ्यान्पिढ्या विसरले नाहीत. घरं खणली, प्रतिष्ठितांना भररस्त्यात फटके मारले, कुणाला तापलेल्या तोफेवर बांधलं. शत्रूने शहर लुटल्याची उदाहरणं इतिहासात भरपूर आहेत. इथे राजधानीतल्या धन्यानेच आपलं शहर देण्यापोटी दुसऱ्याच्या ताब्यात दिलं होतं. पुण्याच्या पेढ्यांवर मराठी राज्याची सगळी उलाढाल चाले. मोहिमेला निघायचं तर सावकाराच्या हुंडीवरच निघायचं. त्या सावकाराचा सरकारवरचा विश्वास त्या वर्षी जो उडाला, तो पुन्हा बसला नाही.

याच काळातली एक गोष्ट बाजीरावाचा स्वभाव उघडा करते. सर्जेरावाचे अत्याचार असह्य झाल्यावर दत्तक थोरला भाऊ अमृतराव याने शिंद्यांनाच भेटीला बोलावून वाड्यात पकडण्याची मसलत केली. माणसं तयार होती, शिंदे आले, बाजीरावाने खडसावून बोलायलाही सुरुवात केली. फक्त इशारा द्यायचा बाकी होता. तो त्याने दिला नाही. ऐन वेळी धीर खचला. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. डफच्या सांगण्यानुसार नंतर त्याने शिंद्यांना कळवलं की हा सगळा बेत अमृतरावाचा होता.

अखेर १७९८ मध्येच नाना सुटून आले, पुन्हा कारभारात बसले आणि मार्च १८०० मध्ये वारले. नानांच्या नावाचाही एक दोष या हिशेबात मांडायला हवा. सव्वीस वर्षं राज्याचा गाडा एकहाती ओढताना त्यांनी आपल्यामागे कारभार सांभाळेल असा एकही माणूस तयार होऊ दिला नाही. पेशव्याला तर नाहीच नाही. त्यांच्यानंतर बाजीरावाने जुन्या माणसांचे हिशेब चुकते करायला सुरुवात केली. नानांच्या पक्षातल्यांना कैद झाली, माधवराव रास्त्यांना भेटीला बोलावून अडकवलं. शिंदे आणि होळकर यांच्यात वैर पेटलेलं होतं. ते विझवणं पेशव्याचं कामच होतं; त्याने एकाची बाजू घेतली.

तुकोजी होळकरांच्या मृत्यूनंतर शिंद्यांच्या फौजेने १७९७ मध्ये पुण्यातच मल्हारराव होळकरांना मारलं होतं. त्यांचे भाऊ यशवंतराव आणि विठोजी निसटले. विठोजी पुढे पंढरपूरच्या मुलखात धामधूम करू लागला आणि पेशव्याचे सरदार बापू गोखले यांच्या हाती सापडला. एप्रिल १८०१ मध्ये शनिवारवाड्यासमोर त्याला हत्तीच्या पायाशी बांधून फरफटवत मारलं. पेशवा वरून पाहत होता. त्या वेळी यशवंतराव उत्तरेत हजारोंची फौज बाळगून होता, हे पुण्यात कुणाला माहीत नव्हतं असं नाही. सूड म्हणावा तर ज्याच्यावर घ्यायचा तो मोकळाच होता, आणि राजकारण म्हणावं तर त्याच्याइतकं अविचारी दुसरं नाही. विठोजी जिवंत असता तर तो निदान ओलीस म्हणून तरी उपयोगी पडला असता.

दीड वर्षाने यशवंतराव दक्षिणेत उतरला. त्याच्या मागण्या अवाजवी नव्हत्या. मल्हाररावांचा मुलगा खंडेराव शिंद्यांच्या ताब्यात होता, त्याची सुटका आणि होळकरांच्या दौलतीची मान्यता. बाजीरावाचे निरोप-जबाब चालू राहिले, उत्तर मात्र मिळालं नाही. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरला लढाई झाली. शिंद्यांच्या कवायती पलटणी चांगल्या लढल्या, पण यशवंतरावाने स्वतः घोडा घालून डाव फिरवला. तोफांचा आवाज ऐकत असलेला पेशवा निकाल कळताच सिंहगडाकडे निघाला. तिथून रायगड, महाड, मग सुवर्णदुर्ग, आणि शेवटी इंग्रजी जहाजातून वसई.

पळण्यापेक्षा त्याच दिवशी झालेली एक हालचाल जास्त बोलकी आहे. लढाईचा निकाल लागण्याआधीच त्याच्या कारभाऱ्याने ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट बॅरी क्लोज याच्याकडे एक कागद पोचवला होता: इंग्रजी पलटणी पदरी ठेवायला आणि त्यांच्या खर्चासाठी मुलूख तोडून द्यायला पेशवा राजी आहे. कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल वेलस्ली कित्येक महिने हाच कागद मागत होता. बाजीरावाने त्याला कित्येक महिने मोठ्या चातुर्याने झुलवलंही होतं. पण झुलवण्यापलीकडे काही करायचं असतं, फौज उभी करायची असते, भांडणारे सरदार एकत्र आणायचे असतात, हे त्या महिन्यांत झालंच नाही. त्यामुळे कागद द्यावा लागला तो सगळ्यात वाईट दिवशी, आणि किंमत समोरच्याने ठरवली.

३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह हा त्या कागदाचा विस्तार. कंपनीचं किमान सहा हजार कवायती पायदळ तोफांसह कायमचं पेशव्याच्या मुलखात राहणार. त्यासाठी २६ लाखांच्या वसुलाचा मुलूख कंपनीकडे. सुरतेवरचा हक्क सोडायचा. इंग्रजांशी वैर असलेल्या देशांचे युरोपियन नोकरीत ठेवायचे नाहीत. निजाम आणि गायकवाड यांच्याकडच्या येण्याचे वाद कंपनी सोडवणार. आणि दुसऱ्या कुठल्याही दरबाराशी बोलणी कंपनीला विचारल्याशिवाय करायची नाहीत. चौथाई-सरदेशमुखीवर उभ्या राहिलेल्या राज्याचा प्रमुख आता कुणाकडेही परस्पर वसुली मागू शकत नव्हता. या कागदावर सही करताना बाजीरावाचं लक्ष मात्र एकाच गोष्टीवर होतं: गादी. मे १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या बंदोबस्तात तो पुण्याला परतला.

दरम्यान यशवंतरावालाही हडपसरच्या विजयाचं काय करायचं ते उमगलं नव्हतं. त्याने अमृतरावाला कारभारात आणलं, त्याच्या मुलाला गादीवर बसवण्याचा घाट घातला, पुण्याकडून पैसे उकळले आणि आर्थर वेलस्ली जवळ येताच उत्तरेला निघून गेला. अमृतरावाने तर थोड्याच दिवसांत कंपनीकडून सात लाखांचं वर्षासन पत्करून काशीची वाट धरली. म्हणजे दृष्टीचा तुटवडा एकट्या बाजीरावाकडेच होता, असं म्हणणं अन्यायाचं होईल. दौलतराव शिंदे चौदा-पंधराव्या वर्षी महादजींच्या गादीवर बसले आणि वर्षानुवर्षं पुण्यातच मुक्काम ठोकून राहिले. उत्तरेतला महादजींनी जमवलेला पसारा फ्रेंच सेनानींवर सोपवून.

वसईच्या तहावरच्या सहीची शाई वाळते न वाळते तोच बाजीराव शिंद्यांना आणि नागपूरकर भोसल्यांना गुप्तपणे पत्रं लिहू लागला की या तहातून मला सोडवा. ते उठले. १८०३ च्या सप्टेंबरात असई, नोव्हेंबरात लासवारी आणि आडगाव, डिसेंबरात गाविलगड. देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव इथे दोघांनीही तह करून मोठे प्रदेश सोडले. या साऱ्या युद्धात पेशवा अधिकृतपणे इंग्रजांच्या बाजूने होता आणि मनातून दुसऱ्या बाजूने. प्रत्यक्षात कुणाच्याच उपयोगी पडला नाही. त्यातच पाऊस दगा देऊन गेला. होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या फौजांनी आधीच ओरबाडलेल्या दख्खनेत १८०३-०४ साली भीषण दुष्काळ पडला.

त्यानंतरची बारा-तेरा वर्षं वरवर पाहता शांततेची आहेत, आणि त्याच वर्षांत या कारभाराची खरी परीक्षा होती. परचक्र नाही, बंडाची धास्ती नाही, कारण कंपनीच्या पलटणी दारात उभ्या. थोरल्या माधवराव पेशव्यांना असा निवांत काळ मिळाला असता तर त्यांनी काय केलं असतं, असा विचार मनात येतोच. बाजीरावाने मामलती लिलावात काढल्या. परगण्याचा वसूल जो जास्त बोली लावेल त्याच्या नावे. पुढच्या वर्षी कुणी चढी बोली लावली की पहिला बाहेर. जुन्या व्यवस्थेत मामलेदाराच्या हिशेबावर देशमुख-देशपांडे आणि सरकारी दरकदार यांची नजर असे. आता मक्तेदाराला विचारणारं कुणी उरलं नाही. त्याने आपली मुदत संपायच्या आत दिलेले पैसे नफ्यासह काढायचे, आणि ते शेवटी पाटलाकडून रयतेच्या कणग्यांतून निघायचे. न्यायदानही त्याच मक्तेदाराच्या हाती. पुण्याचा रेसिडेंट राहिलेल्या एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीची वर्णनं आहेत. तो जेत्याचा अहवाल आहे, हे लक्षात ठेवून वाचावा. पण मक्त्याच्या तक्रारी मराठी कागदांतूनही येतात.

पैसा मात्र जमला. या पेशव्याची तिजोरी त्याच्या आधीच्या कित्येक पेशव्यांपेक्षा भरलेली होती, कारण तो लढाया करत नव्हता आणि फौजेवर फारसा खर्चही करत नव्हता. पुण्यात शुक्रवार वाडा, बुधवार वाडा, विश्रामबाग वाडा उठले. विश्रामबागेच्या कोरीव लाकडी दर्शनी भागाची आजही माणसं फोटो काढतात. श्रावणात पर्वतीच्या रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. तीर्थयात्रा तर सारख्या चालू: पंढरपूर, कोपरगाव, पुन्हा पंढरपूर. बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला जे रूप दिलं तेही याच दरबारच्या आश्रयाखाली, आणि होनाजी बाळापासून अनेक शाहिरांनी याच काळात पुणं गाजवलं. कलावंतांच्या दृष्टीने हा काळ वाईट नव्हता, हे कबूल करायला हवं.

फौज उभारण्याचं त्याच्या मनात आलं ते १८१३ च्या सुमारास, आणि तेही इंग्रजांच्या सल्ल्याने. कॅप्टन फोर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली कवायती पलटण तयार झाली. तिचा तळ दापोडीला होता. पगार पेशव्याचा, हुकूम फोर्डचा. चार वर्षांनी लढाई झाली तेव्हा ही पलटण कुठे उभी राहिली, ते पुढे येईलच.

माणसं निवडण्याची त्याची रीतही अशीच. सदाशिव माणकेश्वर, खुश्रूशेट मोदी आणि त्र्यंबकजी डेंगळे या तिघांमध्ये आळीपाळीने मर्जी फिरत राहिली. मोदी हा मुळात रेसिडेन्सीचा कारकून, तोच पुढे कर्नाटकचा सरसुभेदार. डेंगळे संगमनेरजवळच्या निमगावजाळीचा, साध्या हुजऱ्यापासून वर चढलेला, धाडसी आणि धन्याशी एकनिष्ठ. एल्फिन्स्टन १८११ मध्ये रेसिडेंट म्हणून आला तेव्हा दरबारात इंग्रजांना खरा विरोध करणारा हाच एक माणूस होता. पण विरोधाला योजना लागते, आणि योजना करणारा धनी नव्हता.

१८१४ मध्ये अहमदाबादचा सुभा गायकवाडांकडून काढून डेंगळ्यांकडे दिला गेला आणि जुन्या येण्याचा हिशेब मिटवायला गायकवाडांचे कारभारी गंगाधरशास्त्री पटवर्धन कंपनीच्या हमीवर पुण्याला आले. पेशव्याने आधी त्यांना आपल्या बाजूला ओढायचा प्रयत्न केला. त्यांच्या मुलाला आपली मेहुणी देण्यापर्यंत गोष्ट गेली. शास्त्रीबुवा मागे सरले, पेशव्याचा अपमान झाला. जुलै १८१५ मध्ये ऐन आषाढीच्या दिवसांत, पंढरपुरात विठ्ठलाच्या देवळातून परतताना मारेकऱ्यांनी शास्त्र्यांना तोडलं. एल्फिन्स्टन वेरूळची लेणी पाहत होता. परत येऊन त्याने संशयाचं बोट डेंगळ्यांकडे दाखवलं आणि त्याला हवाली करण्याची मागणी केली.

महिना-दोन महिने टाळाटाळ झाली आणि मग बाजीरावाने आपला एकमेव कामाचा माणूस इंग्रजांच्या स्वाधीन केला. त्याला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. तिथून तो सप्टेंबर १८१६ मध्ये निसटला. किल्ल्यातल्या इंग्रजाच्या पागेतला एक मोतद्दार घोड्याला खरारा करताना गाणी म्हणे आणि त्या गाण्यांतून सुटकेचा बेत खिडकीत पोचे, अशी कथा बिशप हेबरने नोंदवली आहे. गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हतं.

डेंगळे डोंगरांत माणसं जमवू लागला, पेशव्याकडून त्याला पैसे पोचत असल्याचा संशय आला आणि मे १८१७ मध्ये एल्फिन्स्टनने पुण्याभोवती फौज आणून सिंहगड, पुरंदर आणि रायगड ओलीस मागितले. बाजीरावाने तीन किल्ले दिले. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने डेंगळ्यांना खुनी ठरवणं, मराठी मंडळाचं नेतृत्व सोडणं, आणखी ३४ लाखांचा मुलूख तोडून देणं, हे सगळं मान्य केलं. ऑगस्टमध्ये माहुलीला कंपनीचा अधिकारी मॅल्कम भेटायला आला. त्याच्याशी बाजीराव इतक्या गोडीने बोलला की मॅल्कमच्या शिफारशीवरून किल्ले परत मिळाले. हे कसब बाजीरावात अखेरपर्यंत होतं.

आता मात्र त्याने लढायचं ठरवलं. बापू गोखल्यांना फौज जमवायला कोटभर रुपये दिले, शिंदे-होळकर-भोसल्यांकडे निरोप गेले, कंपनीच्या शिपायांना फितवण्याचे प्रयत्न झाले. पंधरा वर्षांत जे करायचं राहिलं ते तीन महिन्यांत उरकायचं होतं. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या मैदानात मराठ्यांची पंचवीस हजारांच्या आसपास फौज आणि इंग्रजांचे जेमतेम अठ्ठावीसशे लोक समोरासमोर आले. संगमावरची रेसिडेन्सी त्याच दुपारी जळाली. एल्फिन्स्टनची पुस्तकंही गेली. बाजीराव पर्वतीवर होता. तिथून त्याने गोखल्यांकडे जासूद धाडला: पहिली तोफ आपण डागू नये. निरोप काय असणार हे गोखल्यांनी दुरूनच ताडलं आणि जासूद पोचायच्या आत तोफा सुरू केल्या, असं डफ लिहितो. तो स्वतः त्या लढाईत होता. जरीपटक्याचे मोरो दीक्षित पडले. दापोडीहून फोर्डची पलटण आली आणि इंग्रजांच्या फळीत जाऊन उभी राहिली.

१७ नोव्हेंबरला पुणं पडलं. इंग्रजांना मिळालेल्या बाळाजीपंत नातूंच्या हातून शनिवारवाड्यावर कंपनीचं निशाण चढलं. पेशवा त्यानंतर सहा महिने धावत राहिला. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेकाठी कोरेगावला कंपनीच्या कॅप्टन स्टाँटनच्या सुमारे आठशे लोकांनी, त्यांत महार शिपाई मोठ्या संख्येने होते, दिवसभर पेशव्याच्या फौजेला दाद दिली नाही. रात्री ती फौज पुढे निघून गेली. पेशवाईने ज्यांना गावकुसाबाहेर आणि माणुसकीबाहेर ठेवलं होतं, त्यांच्याकडून तिच्यासाठी रक्त सांडण्याची अपेक्षा करायला जागाच नव्हती. फेब्रुवारीत सातारा पडला. तिथून एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढला: दोन महिन्यांत बाजीरावाची नोकरी सोडतील त्यांची वतनं, इनामं, देवस्थानं चालू राहतील, आणि मामलतींचे मक्ते बंद होतील. तोफांपेक्षा या कागदाने जास्त काम केलं. रास्ते, पटवर्धन अशी घराणी एकेक करून बाजूला झाली, आणि मक्तेदाराच्या जाचाने गांजलेल्या गावांना पेशव्यासाठी उठण्याचं कारण दिसेना. २० फेब्रुवारीला आष्टीला बापू गोखले लढता लढता पडले. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. पेशवा त्याही दिवशी वेळेत निघून गेला होता.

३ जून १८१८ रोजी असीरगडाजवळ धुळकोटला त्याने मॅल्कमपुढे शरणागती पत्करली. तिथेही घासाघीस करून त्याने सालीना आठ लाखांची नेमणूक पदरात पाडून घेतली. ही रक्कम फार झाली अशी नाराजी वरिष्ठांनी मॅल्कमकडे व्यक्त केली. प्रकृती तोळामासा असलेला हा माणूस फार दिवस काढणार नाही, असा काहींचा होरा होता. तो तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता आणि पुढे बत्तीस वर्षं जगला. कानपूरजवळ गंगाकाठी ब्रह्मावर्ताला त्याने घाट बांधले, लग्नं केली, अनुष्ठानं केली, १८२७ मध्ये धोंडोपंताला दत्तक घेतलं. अफगाण युद्धात कंपनीचे हात आखडले तेव्हा त्याने तिला पाच लाख रुपये कर्जाऊ दिले. पंजाबात शिखांशी युद्धाचे ढग जमले तेव्हा एक हजार स्वार आणि एक हजार पायदळ स्वखर्चाने कंपनीच्या मदतीला उभं करण्याची तयारीही त्याने दाखवली. जानेवारी १८५१ मध्ये तो वारला आणि लॉर्ड डलहौसीच्या सरकारने आठ लाखांची नेमणूक धोंडोपंताला, म्हणजे नानासाहेबांना, चालू ठेवायला नकार दिला.